राजारामपुरीतलं घर भाड्यानं दिलंय, कर कुणाला लागणार?

पुण्यातला कोल्हापूरकर:
नमस्कार मंडळी. राजारामपुरीतलं आमचं घर आईच्या नावावर आहे. ती झेडपीच्या शाळेतून निवृत्त झाली, पेन्शन २८ हजार. गेल्या मार्चात तिला पुण्याला आणलं आणि घर एका प्राध्यापकांच्या कुटुंबाला महिना १४ हजारांवर दिलं. भाडं माझ्या खात्यात येतं. आता ते एचआरएसाठी (पगारातल्या घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी) घरमालकाचा पॅन मागताहेत, माझा देऊ का? रंगकाम आणि गच्चीची गळती यावर ६० हजार गेले, ते वजा होतील का? आईच्या नावानं या वयात नोटीस येऊ नये एवढीच काळजी आहे. कोल्हापुरात कुणाला गाठावं?

हिशेबवही:
दादा, तुमचा पॅन देऊ नका. भाडं कुणाच्याही खात्यात येऊ दे, कर घरमालकालाच लागतो, म्हणजे आईंना. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की एचआरए घेणाऱ्याला मालकाचा पॅन द्यावाच लागतो. तुमचा दिलात तर तुमचं नसलेलं उत्पन्न तुमच्या नावावर दिसेल.

हिशेब असा. वर्षाचं भाडं १,६८,०००. त्यातून आईंनी भरलेला घरफाळा (पालिकेचा मालमत्ता कर) वजा, समजा ८,००० धरला तर राहिले १,६०,०००. त्याचे ३० टक्के, म्हणजे ४८,०००, सरसकट वजा. उरले १,१२,०००. तुमचे ६० हजार त्या ३० टक्क्यांतच आले, वेगळे मिळत नाहीत. एक रुपया खर्च केला नाही तरी ३० टक्के आणि दोन लाख घातले तरी तेवढेच. नव्या करपद्धतीतही ही वजावट आहे.

पेन्शन वर्षाची ३,३६,०००, त्यातून प्रमाणित वजावट (पगार-पेन्शनवर सरसकट मिळणारी) ७५,०००. भाडं धरून बेरीज ३,७३,०००. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. आईंच्या ठेवी आहेत का?

पुण्यातला कोल्हापूरकर:
आहेत की. व्याज वर्षाला ६० हजारांच्या आसपास.

हिशेबवही:
मग बेरीज ४,३३,००० होते. ४ लाख ओलांडले म्हणून रिटर्न भरावंच लागेल, पण १२ लाखांपर्यंत सूट असल्यानं कर शून्य. बँकेनं व्याजावर टीडीएस, म्हणजे आधीच कर, कापला असेल तर तोही परत मिळेल.

शाहूपुरीची काकू:
घरफाळ्याचं माझ्याकडून ऐका. आमच्या शाहूपुरीतल्या घराचा फाळा मी एकदा एप्रिलात भरला, तर मार्चला संपलेल्या आर्थिक वर्षाला वजा धरता आला नाही. प्रत्यक्ष ज्या वर्षी भरला त्याच वर्षी तो मिळतो. तेव्हापासून मी ३१ मार्चच्या आत पालिकेत भरून पावती फाईलला लावते. भाडेकरूनं भरलेला फाळा तर आपल्याला धरताच येत नाही, तेव्हा "तुम्हीच भरा, भाड्यात बघू" असलं काही ठरवू नका.

आणि करार कुणी केलाय? तुम्ही सही केली असेल तर नवा करा, आईंच्या नावानं, आणि नोंदवूनच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. ऑनलाइन होतं, आईंना कोल्हापूरला आणायची गरज नाही.

कळंब्यावरून:
एक भर घालतो. पुढे कुणी सुचवेल, "घर बायकोच्या नावावर बक्षीस कर, भाडं तिचं दाखव." नवऱ्यानं मोबदला न घेता बायकोला घर दिलं तरी प्राप्तिकरासाठी मालक नवराच धरतात. मी त्या सल्ल्यावर स्टँप ड्युटी भरून बसलो.

सीए कशाला शोधता? एक घर, पेन्शन आणि व्याज एवढंच आहे, 'सहज' हा रिटर्नचा सोपा फॉर्म पुरतो. प्राप्तिकराच्या पोर्टलवर आईंच्या पॅननं लॉगिन करा. भरण्याआधी एआयएस (खात्याकडे आलेल्या उत्पन्नाच्या नोंदींचं वार्षिक पत्रक) उघडून व्याजाचा आकडा जुळवा. मुदत एरवी ३१ जुलै.

पुण्यातला कोल्हापूरकर:
करारावर माझीच सही आहे, काकू. या रविवारी आईला शेजारी बसवून नव्या कराराचा अर्ज भरतो. प्राध्यापकांना आईचा पॅन आजच पाठवला आणि पुढचं भाडं तिच्या खात्यात टाकायला सांगितलं. फाळ्याची पावती मात्र सापडत नाहीये. पालिकेतून प्रत मिळते का?

शाहूपुरीची काकू:
मिळते. मिळकत क्रमांक घेऊन घरफाळा विभागात जा.