पडदा उघडा ठेवूनच तंबोरे जुळवावेत. तुम्हाला काय वाटतं?

तिसरी रांग (सांगली)
गेल्या रविवारी इथल्या एका जुन्या नाट्यगृहात गाण्याचा कार्यक्रम होता. वेळ साडेसहाची, मी सहालाच जाऊन बसलो. खुर्च्यांची करकर, मोगऱ्याचा वास, मागे कुणाचं तरी लहान पोर. पडदा बंद होता आणि त्याच्या आड तंबोरा जुळत होता. पंचमाची तार लागली, मधल्या दोन तारांची जोड लागली, खर्ज म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार मात्र जागेवर येईना. खुंटी पिळली की चढायचा, सोडली की उतरायचा. शेजारचे आजोबा डोळे मिटून म्हणाले, "अजून केसभर खाली आहे." पुढची पाच मिनिटं आम्ही दोघं त्या एका तारेसाठी श्वास धरून बसलो होतो.

तेवढ्यात निवेदकाचा माइक सुरू झाला. दीपप्रज्वलन, प्रायोजकांचे सत्कार, पाहुण्यांची ओळख, सगळी मिळून ३५ मिनिटं गेली. खर्ज कधी लागला ते आम्हाला कळलंच नाही.

माझं म्हणणं असं: पडदा अर्धा तास आधी उघडावा, वाद्यं आमच्यासमोर जुळवावीत, सत्कार मध्यंतरात उरकावेत. गाणं त्या जुळवण्यातच सुरू झालेलं असतं.

कृष्णाकाठ
साफ अमान्य. ही सांगली आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथंच केलं, आणि ५ नोव्हेंबरला सगळा महाराष्ट्र रंगभूमी दिन पाळतो तो त्याच्यामुळे. बंद पडद्याकडे बघत बसण्यातली ओढ आपल्या गावाला शिकवावी लागत नाही. पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसऱ्या घंटेला पोटात होणारी कालवाकालव, हे सगळं पडदा बंद असतो म्हणूनच.

दुसरं असं, मी पेटीची साथ करतो. कार्यक्रमाआधी हात गार पडतात. गाणारी व्यक्ती खाकरते, पाणी पिते, गुरूंना मनातल्या मनात नमस्कार करते. त्या वेळी समोर चारशे डोळे कशाला हवेत? तो आडोसा आमच्या हक्काचा आहे.

तिसरी रांग
आडोशाचं पटलं. गाणाऱ्यांनी शेवटी यावं, हरकत नाही. पण नाटकाचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पुढ्यात, प्रेक्षकांच्या नजरेसमोरच असायचे. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते. त्यांचा हात तबल्यावर पडताना ऐकायला लोक नांदीच्या आधी येऊन बसले नसतील का?

भोपळा आणि तार (मिरज)
आमच्या घरात तंबोरे बनतात, म्हणून कारागिराच्या बाजूनं लिहितो. वाद्य आतल्या खोलीत जुळवून आणलं तरी रंगमंचावर ते पुन्हा हलतंच. एसीच्या गार झोतात तार आकसते, सूर चढतो. माणसं भरली की हवा दमट होते, तबल्याचं चामडं उतरतं. तारेखालचा जवारीचा दोरा घोडीवर, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या पट्टीवर, केसाएवढा मागंपुढं सरकवावा लागतो, तेव्हा तार बोलायला लागते. खाली तारेत ओवलेला मणी सरकवून राहिलेला फरक काढायचा. हे घाईनं होत नाही आणि गोंगाटात तर मुळीच नाही.

त्यामुळे पडदा उघडा की बंद यावर माझा वाद नाही. त्या दहा मिनिटांत कुणीही माइक चालू करू नये, एवढंच मागणं. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथं कुठला पडदा? चिंचेच्या झाडाखाली सगळ्यांसमोर तंबोरे लागतात आणि गप्पा आपोआप थांबतात.

आष्ट्याची गाडी
तुम्ही सगळे गावातले, म्हणून अर्ध्या तासाच्या गोष्टी करता. मी आणि माझी आई आष्ट्याहून येतो. परतीची शेवटची गाडी गाठायची म्हणजे शेवटची भैरवी सोडून उठावं लागतं. आई दर वेळी दाराशी थांबून आणखी दोन ओळी ऐकते आणि मग आम्ही पळत सुटतो. जुळवणं आत करा नाहीतर बाहेर, साडेसहाला गाण्याचा पहिला षड्ज, म्हणजे 'सा', लागला पाहिजे.

पडद्यामागचा
एका छोट्या मंडळाचं काम करतो. सत्कार मध्यंतरात घेऊन पाहिला. लोक चहाला बाहेर गेले, देणगीदार रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी पैसे दिले नाहीत. तिकिटांतून नाट्यगृहाचं भाडंही निघत नाही, कलाकारांची बिदागी तर लांबच. मलाही तो खर्ज ऐकायचाय हो, पण हिशेब मला द्यावा लागतो.

कृष्णाकाठ
मग सत्कार सहाला घ्या. पत्रिकेवर तसं छापा. ज्यांना यायचं ते येतील. सव्वासहाला माइक बंद करून दहा मिनिटं फक्त तंबोरे. पडद्याचा हट्ट मी सोडत नाही, पण पडद्याआडून सुद्धा ऐकू येतंच की.

तिसरी रांग
हे चालेल मला. पडदा बंद तर बंद. त्या आजोबांना कळवतो, त्यांना खर्ज लागलेला ऐकायचा राहिलाय.

आष्ट्याची गाडी
आणि साडेसहाला षड्ज. ते लिहून ठेवा.