आबांचा पार्किन्सन: स्टेमसेल इंजेक्शन घ्यावं का?

फोंड्याची लेक: आमचे आबा भजनात पखवाज वाजवायचे. आता हात थरथरतो, गोळीचा असर लवकर ओसरतो. एक क्लिनिक स्टेमसेल इंजेक्शनसाठी लाखो मागतंय. जावं का?

मांडवीकाठ: ताई, पैसे भरू नका! जपानमधल्या क्योतोच्या चाचणीचे निकाल 2025मध्ये आले. 7 रुग्णांच्या थेट मेंदूत, शस्त्रक्रियेने, आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी प्रयोगशाळेत बदलून केलेले स्टेमसेल) तयार केलेल्या, डोपामीन हे हालचालीसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी सोडल्या. दोन वर्षांत गाठ झाली नाही, तपासलेल्या 6 पैकी चौघांची हालचाल सुधारली. आशा खरी आहे, पण हे निकाल एका छोट्या चाचणीचे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांनुसार आपल्याकडे चाचणीबाहेर असा उपचार विकता येत नाही.

साखळीकर: गोळी लेव्होडोपाची असेल तर हुमण-भाताबरोबर नको. मासळीतल्या प्रथिनांमुळे ती कमी शोषली जाते. वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

फोंड्याची लेक: क्लिनिकला ‘नको’ असं कळवलं. आबांना क्योतोचं वाचून दाखवलं, ते परत वाच म्हणाले.