मदत हवी आहे : स्टेडियमसाठी बाजारपेठेतलं घर पाडतायत, सात दिवसांत स्टे कसा मिळेल?

ओटीवरून (सोमवार, रात्री ११.४०)

लांबलचक लिहायला वेळ नाही. घराला नोटीस लागली आहे. सात दिवस दिलेत, त्यातले दोन गेले. मागच्या मैदानात नवीन स्टेडियम होतंय आणि आमची ओळ त्याच्या वाटेत येते, म्हणून हे सगळं चाललंय, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आई ७८ वर्षांची आहे. माडीवरून खाली यायलाच तयार नाही. आज दिवेलागणीला तिने विचारलं, "देव्हारा कुठे नेणार आहेस?" मला काही बोलता आलं नाही.

घर कोकणातलं, नव्वद वर्षांचं, चिऱ्याचं आणि सागवानाचं, भक्कम आहे. निसर्ग वादळात अर्ध्या गावाची छपरं गेली, आमची शंभरएक कौलं सरकली, बस. मला एवढंच सांगा: स्टे कुठून आणायचा आणि खर्च किती येतो? ज्यांनी आणलाय त्यांनी कृपया लवकर लिहा.

खाडीपलीकडे (सोमवार, रात्री ११.५८)

ताई, नोटीस कोणाची आहे? भूसंपादनाची, अतिक्रमणाची की धोकादायक इमारतीची? तिन्हीच्या वाटा वेगळ्या. वर कलम लिहिलेलं असेल, ते आधी सांगा. आणि घर कोणाच्या नावावर आहे?

चाकरमानी_गिरगाव (मंगळवार, सकाळी ७.१०)

घाबरू नका. आमच्या चाळीला ३५४ ची नोटीस आली होती तेव्हा आम्ही सगळे भाडेकरू एकत्र आलो, सोसायटी केली आणि म्हाडाकडे गेलो. आज २२ व्या मजल्यावर राहतो. तुम्हीही चांगला बिल्डर शोधा, तोच सगळं बघतो.

अॅड_पायरी (मंगळवार, सकाळी ८.२५)

चाकरमानी, ३५४ हे मुंबई महापालिकेच्या कायद्यातलं कलम. म्हाडाची उपकरप्राप्त, म्हणजे सेस भरणाऱ्या जुन्या इमारतींची योजना मुंबई शहर बेटापुरती आहे. कोकणातल्या नगरपरिषदेला १९६५ चा अधिनियम लागतो, त्यात धोकादायक बांधकामाचं कलम १९५ आहे. ताईंची नोटीस त्याखालची असावी असं वाटतं, पण अंदाजावर सल्ला देणार नाही. ताई, नोटिशीतला मजकूर जसाच्या तसा टाइप करा.

ओटीवरून (मंगळवार, सकाळी ९.०५)

हो, १९५च आहे. मला वाटलं नोटीस म्हटल्यावर कळेल. मजकूर: "सदर इमारत संरचनात्मक तपासणी अहवालानुसार सी-१ प्रवर्गात मोडत असून ती सात दिवसांत रिक्त करून स्वखर्चाने निष्कासित करावी, अन्यथा..." पुढचं तुम्हाला माहीत आहे. घर वडिलांच्या नावावर, ते २०१६ मध्ये गेले. प्रॉपर्टी कार्डावर अजून त्यांचंच नाव. खाली दोन दुकानं आहेत, भुसारी आणि शिंपी, दोघेही आजोबांच्या वेळचे भाडेकरू.

पण मी स्टेबद्दल विचारलंय.

बॅटबॉल (मंगळवार, सकाळी ९.३०)

कोणाला वाईट वाटेल, पण बोलतो. आमच्या तालुक्यात पोरं अजून कापलेल्या शेतात पिच करून खेळतात. धावपट्टी नाही, कबड्डीला मॅट नाही. एक स्टेडियम होतंय तर त्याला रस्ता नको? अॅम्ब्युलन्स आत कुठून जाणार? आणि जुनी घरं धोकादायक असतातच. महाडला २४ ऑगस्ट २०२० ला इमारत पडली तेव्हा १६ माणसं गेली, विसरलात?

सुरंगी (मंगळवार, सकाळी ९.५२)

विसरलो नाही. म्हणूनच सांगते, महाडची ती इमारत पाच मजली काँक्रीटची होती आणि जेमतेम दहा वर्षांची. तिच्यावरून नव्वद वर्षांच्या चिरेबंदी घराचा निवाडा कसा करता? मुंबईत ब्रेबॉर्न १९३७ चं आणि वानखेडे १९७५ चं, दोन्ही स्टेडियमं भर शहरात जवळजवळ उभी आहेत. स्टेडियम आणि जुनी वस्ती शेजारी नांदू शकतात.

बॅटबॉल (मंगळवार, सकाळी १०.०४)

चर्चगेटला रुंद रस्ते आणि रेल्वे आधीपासून होती. आमच्या बाजारपेठेतून एक टेम्पो गेला की दुसरा थांबतो. तुलना बरोबर करा.

खाडीपलीकडे (मंगळवार, सकाळी १०.२०)

तुम्ही दोघं वेगळा धागा काढा. ताई, आणखी किती घरांना नोटीस आली? कोणत्या बाजूच्या?

ओटीवरून (मंगळवार, सकाळी १०.४१)

नऊ. सगळी आमच्या बाजूची. समोरच्या ओळीत आमच्याहून जुनी घरं आहेत, एकाच्या तर माडीला टेकू लावलेत. त्यांना काही नाही. आमच्या तुळईवर १९३४ कोरलंय.

अॅड_पायरी (मंगळवार, सकाळी ११.१५)

हे आधी सांगायला हवं होतं. आता नीट वाचा.

रस्त्यासाठी जागा हवी असेल तर कायदेशीर वाट भूसंपादनाची. २०१३ च्या कायद्यात शहरी हद्दीत जमिनीचा बाजारभाव, बांधकामाचं वेगळं मूल्यांकन आणि या सगळ्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. ६० दिवस हरकतीला मिळतात. धोकादायक म्हणून घर उतरवलं तर यातलं काहीच नाही, खर्च उलट तुमच्याच माथी. आणि वर्षभराने तीच जागा रस्त्यासाठी घेतली तर मोकळ्या जमिनीचा भाव मिळेल, घर हिशेबातच नसेल. तुमचा खरा तोटा इथे आहे.

आज नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा. त्यावर तुमच्या सिटी सर्व्हे नंबरातून रुंदीकरणाची रेघ जाते का बघा. स्टे दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम म्हणून मागता येतो, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. उद्या घर पडून कोणी दगावलं तर काय, हा विचार न्यायाधीश करणारच. तुमच्या बाजूने इंजिनिअरचा कागद हवा.

लाल_माती (मंगळवार, दुपारी १२.०२)

एवढं कशाला? सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे, पंधरा दिवसांच्या नोटिशीशिवाय कोणाचंही घर पाडता येत नाही. त्याची प्रत दारावर चिकटवा, कोणी हात लावणार नाही. आणि माहितीचा अधिकार टाका.

अॅड_पायरी (मंगळवार, दुपारी १२.१८)

तो निकाल अनधिकृत म्हणून पाडल्या जाणाऱ्या बांधकामांच्या संदर्भातला आहे, आणि रस्ता, फुटपाथ, नदीकाठ यांवरची अनधिकृत बांधकामं त्यातूनही वगळली आहेत. सुनावणीचा मुद्दा मांडताना उपयोग होईल, पण दारावर चिकटवून बुलडोझर थांबत नाही. माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस. ताईंकडे चार आहेत.

लाल_माती (मंगळवार, दुपारी १२.२५)

वकिलांना सोपा उपाय कधीच पटत नाही.

जुना_सागवान (मंगळवार, दुपारी १.१०)

घर उतरवायचं ठरलं तर कळवा. तुळया, खांब, दरवाजाची चौकट योग्य भावात घेऊ, उतरवायची मजुरी आमची. निरोप पाठवा.

सुरंगी (मंगळवार, दुपारी १.१५)

माणूस बुडतोय आणि तुम्ही त्याच्या अंगठीची किंमत विचारताय.

मिस्त्रीकाका (मंगळवार, दुपारी ३.३०)

मुली, चाळीस वर्षं चिऱ्याची घरं बांधली आणि उतरवली. कागदाचं मला कळत नाही, घराचं कळतं. अशा घरात भिंत सहसा दगा देत नाही, दगा देतं तुळईचं डोकं, जिथे ती भिंतीत शिरते तिथे. कौल सरकलं की पाणी बरोबर तिथे मुरतं. हातोडीच्या दांड्याने वाजवून बघ. टणक आवाज आला तर ठीक, भद्द वाजलं तर आत वाळवी नाहीतर कुज. पेचकस टोचून बघ, दोन बोटं आत गेला तर त्या तुळईखाली आजच टेकू लाव. ओळंबा सोडून भिंतीला पोट आलंय का बघ. बाहेरून सिमेंटचा गिलावा केलाय का? चिरा पाणी पितो आणि सोडतो, सिमेंटने त्याचं तोंड बंद होतं.

तपासणीला आले त्यांनी काय काय केलं?

ओटीवरून (मंगळवार, संध्याकाळी ६.५०)

काका, सगळ्या तुळया वाजवल्या. चौदापैकी तेरा टणक. मागच्या पन्हळीखालची एक भद्द वाजते, पेचकस बोटभर आत गेला. टेकू लावायला उद्या सकाळी माणूस येतोय. भिंतीला पोट नाही, आतबाहेर चुन्याचाच गिलावा आहे.

अहवालाची प्रत आज भांडून आणली. त्यात लिहिलंय: रिबाउंड हॅमर, आठ रीडिंग. हाफ-सेल पोटेन्शियल, चार रीडिंग. "काँक्रीटची गुणवत्ता निकृष्ट, सळ्या गंजलेल्या."

खाडीपलीकडे (मंगळवार, संध्याकाळी ७.०२)

काँक्रीट कुठून आलं? घर चिऱ्याचं आणि सागवानाचं म्हणालात ना?

ओटीवरून (मंगळवार, संध्याकाळी ७.१४)

मागे न्हाणीघर आणि संडास आहे. १९८७ मध्ये वडिलांनी बांधलं, वर छोटा स्लॅब. गळतो, सळ्या दिसतात. तपासणीला आलेला मुलगा मागेच गेला होता. दहा मिनिटं होता, मी चहा टाकेपर्यंत निघाला. माडीवर चढलाच नाही. मला हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

मिस्त्रीकाका (मंगळवार, संध्याकाळी ७.२०)

रिबाउंड हॅमर काँक्रीटसाठीच असतो गं. हाफ-सेल तर सळी गंजली का ते बघायला. चिऱ्याच्या भिंतीत सळी कुठली? न्हाणीघराची नाडी बघून माणूस मेला म्हणून लिहून दिलंय.

अॅड_पायरी (मंगळवार, रात्री ८.००)

हाच मुद्दा. उद्याच्या उद्या लेखी हरकत द्या: तपासणी मूळ इमारतीची झालेलीच नाही, जोडबांधकामाच्या रीडिंगवरून संपूर्ण घर सी-१ ठरवलं. न्हाणीघराचा स्लॅब स्वतःहून उतरवतो आणि एक तुळई बदलतो असं त्यातच लिहा, म्हणजे तुम्ही धोका नाकारत नाही हे दिसतं. सी-१ म्हणजे रिकामं करून पाडणं, सी-२ए म्हणजे रिकामं करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत्या घरात दुरुस्ती. तुम्ही सी-२बी मागा. दगडी बांधकाम जाणणाऱ्या इंजिनिअरकडून फेरतपासणीची मागणी करा. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात स्थापत्य विभाग आहे, तिथे विचारा. सगळे वारस सही करा. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

चाकरमानी_गिरगाव (मंगळवार, रात्री ८.३५)

घर पडलं तर भाडेकरू तरी आपोआप सुटतात, तेवढा फायदा बघा.

अॅड_पायरी (मंगळवार, रात्री ८.४७)

सुटत नाहीत. इमारत पाडली तरी जागेवरचा भाडेहक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय. ताई, शिंपी आणि भुसारी तुमच्याच बाजूचे आहेत. त्यांचीही हरकत जोडा.

भाटलेंची_सून (मंगळवार, रात्री ९.१५)

आमच्या आजोळच्या घराचा पण असाच झाला. रस्ता रुंद करूक म्हणान घर उतरवला, रस्ता अजून झालो नाय. कौलांचो ढीग अजून परसात आसा. ताई, तुमी हटू नका.

मिस्त्रीकाका (मंगळवार, रात्री ९.४०)

आणखी एक. मैदानावर रोलर चालतोय ना, थरथरणारा? मैदानाकडच्या भिंतीत जिथे बारीक चीर आहे तिथे काचेची पट्टी आडवी चिकटव, दोन्ही टोकांना चुना नाहीतर पीओपी. वर तारीख लिही. तशीच एक रस्त्याकडच्या भिंतीवर. चीर जिती असेल, म्हणजे अजून वाढत असेल, तर काच फुटते.

ओटीवरून (शुक्रवार, रात्री १०.२०)

उशीर झाला, रोज पळापळ चालू आहे. हरकत दिली, पोच मिळाली. नऊपैकी सहा घरांनी आमच्याबरोबर दिली. भाग नकाशात आमच्या ओटीतून रेघ गेलीय, १५ मीटर रस्त्याची, दोन्ही भाडेकरूंनी ती स्वतः पाहिली. भिजकी तुळई टेकूवर घेतलीय. न्हाणीघराचा स्लॅब उद्या फोडणार. इंजिनिअर रविवारी येतायत, मनाई हुकमाचा अर्ज त्यांच्या अहवालासह सोमवारी दाखल होईल. तोवर कारवाई करणार नाही असं नगरपरिषदेने तोंडी सांगितलंय, लेखी देत नाहीत.

काका, पट्ट्या बुधवारी सकाळी लावल्या होत्या. मैदानाकडची आज फुटली. दुपारी चारला रोलर सुरू झाला तेव्हा अख्खी होती, मी बघून आले होते. सहाला गेले तर मधोमध दोन तुकडे. रस्त्याकडची शाबूत आहे. आईने काच पाहिली आणि पहिल्यांदाच स्वतःहून जिना उतरून खाली आली, आज माजघरात निजलीय.

फोटो कसा काढू, म्हणजे तारखेवरून कोणी वाद घालणार नाही?

खाडीपलीकडे (शुक्रवार, रात्री १०.२९)

पट्टीला हात लावू नका. उद्याचा पेपर शेजारी धरा, तारीख दिसेल असा, आणि शिंप्याला साक्षीला उभं करा. एक फोटो जवळून, एक लांबून, मागे खिडकीतून रोलर दिसेल असा.

मिस्त्रीकाका (शुक्रवार, रात्री १०.३५)

आणि फुटलेल्या पट्टीच्या वर वीतभर अंतरावर आज रात्रीच नवी लाव.