नेटवरून चिकटवलेल्या फाइलचे जादा पैसे: बरोबर की चूक?

डीटीपीवाला_पेठ
अप्पा बळवंत चौकाजवळ टायपिंग, डीटीपी, बाइंडिंगची कामं करतो. थेसिसचा सीझन आला की लोक पेनड्राइव्ह पुढे करतात आणि म्हणतात "फाइल रेडीच आहे हो, फक्त सेटिंग करून प्रिंट मारा". उघडली की कळतं, अर्धी फाइल वेबसाइटवरून उचलून कंट्रोल व्ही मारलेली. एका पानात चार फॉन्ट, मधेच राखाडी पट्टे, निळ्या लिंका, टेबल मार्जिनच्या बाहेर लोंबतंय आणि त्या टेबलाच्या पोटात अजून एक टेबल. जस्टिफाय केलं की काही ओळींत शब्द ताणले जाऊन मधे ही भगदाडं, कारण तिथे एंटर नसतो, शिफ्ट एंटर असतो, म्हणजे पॅरा तोच, फक्त ओळ तोडलेली. हे निस्तरण्यापेक्षा नव्याने टाइप केलेलं परवडतं. म्हणून पाटी लावलीय: "नेटवरून थेट चिकटवलेल्या मजकुराच्या साफसफाईचे पैसे वेगळे पडतील." गिऱ्हाइकं भांडतात. माझं म्हणणं एवढंच, नुसता मजकूर आणा, फॉरमॅट तिकडेच सोडा. यात चूक काय?

कोथरूडचा_आजोबा
काहीही चूक नाही. आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेला लोक असंच पाठवतात. मी आधी नोटपॅडमध्ये टाकतो आणि तिथून वर्डात, सगळा मेकअप उतरतो. फक्त जुनं विंडोज असेल तर नोटपॅडची फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत बघा, जुनं एएनएसआय राहिलं तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं मिळतील. विंडोज 10 च्या 1903 व्हर्जनपासून मराठी सांभाळणारं यूटीएफ-8 आपोआप येतं.

पीएचडी_चालू_आहे
अजिबात पटलं नाही!! मायक्रोबायोलॉजीवाली आहे मी. ओळखीतल्या एकीने तुमच्यासारख्याच एका दुकानात चॅप्टर दिला, तिथल्या मुलाने "साफ" केला, आणि 10 चा सहावा घात होता तिथे झालं 106. म्हणजे दहा लाख बॅक्टेरियाचे एकशे सहा झाले, तेही प्रत्येक टेबलात. बॅक्टेरियाची नावं इटॅलिकमध्ये लिहायचा नियम आहे, ती सगळी सरळ उभी राहिली. आमच्याकडे फॉरमॅट म्हणजे सजावट नाही हो, तो मजकुराचाच भाग आहे. तुम्ही तो सोडून द्या म्हणताय आणि वर त्याचे पैसेही घेताय?

डीटीपीवाला_पेठ
ताई, घात-बीत तपासायचं काम लिहिणाऱ्याचं. मला काय कळणार 106 आहे का दहा लाख. आणि फॉरमॅट ठेवला तरी तुमचा त्रास संपत नाही, वेबवरच्या तळटीपांचे चौकोनी कंसातले आकडे वाक्यात तसेच चिकटून येतात, ते कोण काढणार?

पीएचडी_चालू_आहे
ते मी काढीन, मला दिसतात तरी. उडालेला घात दिसतच नाही ना!

बाणेर_आयटी
दोघंही टोकाला गेलात. कॉपी करताना क्लिपबोर्डवर एकाच मजकुराची दोन-तीन रूपं जातात, एक एचटीएमएल, एक साधा मजकूर वगैरे, आणि वर्ड त्यातलं नटलेलं रूप उचलतं. कुठलं घ्यायचं ते आपण सांगायचं. पेस्ट केल्यावर कोपऱ्यात छोटं चिन्ह येतं त्यात "मर्ज फॉरमॅटिंग" आहे, त्याने बोल्ड-इटॅलिक राहतं आणि फॉन्ट तुमच्या फाइलचा लागतो. नव्या वर्डात कंट्रोल शिफ्ट व्ही म्हणजे नुसता मजकूर. जुन्या वर्डात हीच की फॉरमॅट पेस्ट करते, त्यामुळे तिथे कंट्रोल आल्ट व्ही दाबून "अनफॉरमॅटेड युनिकोड टेक्स्ट" निवडा. डीटीपीवाले, तुमच्यासाठी: फाइंड-रिप्लेसमध्ये ^ चिन्ह आणि इंग्रजी छोटा एल म्हणजे शिफ्ट एंटर, पी म्हणजे पॅरा, एस म्हणजे न तुटणारी स्पेस. सगळ्या फाइलवर एकदम चालतं. याचे पैसे घेता??

डीटीपीवाला_पेठ
रिप्लेस ऑल मारून बघा एकदा कवितेवर. शिफ्ट एंटरचा पॅरा केला की प्रत्येक ओळीनंतर पॅराची जागा सुटते आणि कुठलं कडवं कुठे संपलं ते समजत नाही. मूळ समोर ठेवून परत जोडावं लागतं. मान्य, लेखाला चालतं. पण कुठे चालतं आणि कुठे नाही हे बघायला माणूस लागतो, त्याचेच पैसे. आणि मर्ज फॉरमॅटिंगचं म्हणाल तर ते पेस्ट करतानाच करायचं असतं, माझ्याकडे फाइल येते तेव्हा वेळ गेलेली असते.

जुनी_वाचक
एक बाजू राहिलीच. जुन्या मराठी साइट्सवर युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक, असं नव्हतं, आत इंग्रजी चिन्हं आणि वर मराठी फॉन्टचा मुखवटा. तिथून "नुसता मजकूर" आणलात की मराठी गायब, हातात नुसता कचरा. तिथे तर फॉन्टच सगळं! आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्यावं लागतं, आणि मग ऱ्ह, क्ष, जोडाक्षरं एकेक तपासत बसायचं. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर श्रीलिपी पुण्याचंच, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं मुख्यालय पुण्यात, मराठी फॉन्टचा एवढा मोठा कारभार इथे झाला, तरी प्रत्येक प्रेसवाल्याचं वेगळं तुणतुणं.

प्रूफवाला_नारायणपेठ
+१. उलट बाजूनेही तेच. अजून पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर वापरणारे प्रेस आहेत, त्याला युनिकोड कळतच नाही. गिऱ्हाईक म्हणतं नेटवर तर नीट दिसत होतं. आणि वर्डमध्ये देवनागरी "कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट" मध्ये धरली जाते, तिचा फॉन्ट आणि साइझ फॉन्टच्या डायलॉगमध्ये वेगळ्या खान्यात असते, स्टाइल बनवताना लोक फक्त इंग्रजीचा खाना बदलतात आणि मग मराठी ढिम्म. या असल्या कामाचे पैसे घेतलेच पाहिजेत. पण सरसकट नको, पाटीवर दर लिहा. "वेगळे पडतील" वाचलं की माणूस आधीच वैतागतो.

थेसिसग्रस्त
मला एक सांगा, एवढं सगळं नेटवरून चिकटवताच का? युजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2018 चे नियम आहेत, दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य 10 टक्क्यांच्या वर गेलं की थेसिस परत येतो आणि 60 च्या वर तर रजिस्ट्रेशनच रद्द. आमचे गाइड सॉफ्टवेअरच्या आधी राखाडी पट्टाच शोधतात, ते म्हणतात ज्याला पट्टा काढायचा कंटाळा त्याने वाचलंही नसणार.

पीएचडी_चालू_आहे
चिकटवणं म्हणजे चोरीच असं कुठे आहे? सरकारी जीआर, हवामानाचे आकडे, स्वतःचेच छापून आलेले पेपर, हे उतरवून घ्यावंच लागतं, अवतरणात टाकून, संदर्भ देऊन. टेबल हाताने टाइप केलं तर चुका जास्त होतात.

डीटीपीवाला_पेठ
टेबल असेल तर आधी एक्सेलमध्ये टाका, तिथे नको ते कॉलम उडवा आणि मग वर्डमध्ये आणा, पोटातली टेबलं बरीचशी सुटतात. प्रूफवाल्यांचं दराचं पटलं, पानामागे लिहितो. घात आणि इटॅलिक असलेली फाइल असेल तर आधी सांगा, तिला मी हात लावणार नाही, जशी दिली तशी प्रिंट. मग पट्टे आले तर भांडायचं नाही.

पीएचडी_चालू_आहे
हात लावा, पण सगळं सिलेक्ट करून क्लिअर फॉरमॅटिंग मारू नका. पट्टा तेवढा शेडिंगमधून निघतो.

डीटीपीवाला_पेठ
तीनशे पानं शेडिंगमधून? मग दर डबल.