मदत हवी आहे: घरगुती पवनचक्कीची वीज प्रति युनिट कितीला पडेल, हे कसे काढावे?

नमस्कार. घरासाठी १ किलोवॉटची पवनचक्की घेण्याआधी तिच्या विजेचा प्रति युनिट खर्च मांडत आहे. माहितीपत्रकातील क्षमता सेकंदाला ११ मीटर वेगाच्या वाऱ्यासाठी दिलेली आहे; शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने ५ मीटरला जेमतेम ९४ वॉट हाती लागतात. माझी खरी अडचण पुढेच आहे. निम्मा वेळ ३ आणि निम्मा वेळ ७ मीटरचा वारा असेल, तर सरासरी ५ येते आणि तिचा घन १२५ होतो. पण दोन्ही घनांची सरासरी १८५ भरते, म्हणजे नुसत्या सरासरी वेगावर विसंबल्यास जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा हिशेबातून निसटते. तासागणिक नोंदी हाताशी नसताना ही तूट कशी भरून काढावी?

खर्चात चक्की, मनोरा, पाया, इन्व्हर्टर, देखभाल आणि २० वर्षांत दोनदा बॅटरीबदल धरला आहे. मनोऱ्यावर काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण झाडांच्या उंचीवरचा वारा घुसळलेला असतो. मात्र पुढील बॅटरीखर्च आजच्या किमतीत कसा आणावा, आणि ज्यांनी मीटरच्या नोंदी ठेवल्या आहेत त्यांचे अंदाज कितपत खरे ठरले, हे कृपया कळवावे.