मदत हवी आहे: ताईची सीपीईटी टेस्ट करावी का?
नमस्कार मंडळी, माझ्या मोठ्या बहिणीला २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविड झाला, ॲडमिट करावं लागलं नाही पण तेव्हापासून दम लागतो तो लागतोच. दोन जिने चढली की कठडा धरून उभी राहते, बोलता पण येत नाही. ईसीजी, इको (हार्टची सोनोग्राफी), पीएफटी (फुंकून करायची फुप्फुसांची टेस्ट) सगळं नॉर्मल, म्हणून एका डॉक्टरांनी टेन्शनच्या गोळ्या दिल्या, फार वाईट वाटलं, अहो या सगळ्या टेस्ट बसून नाहीतर पडून केलेल्या आणि हिला त्रास होतो तो चालताना.

आता दुसऱ्या डॉक्टरांनी सीपीईटी सांगितलीय, म्हणजे तोंडाला मास्क लावून सायकल मारायची, लोड हळूहळू वाढवतात आणि शरीर ऑक्सिजन किती वापरतं, ठोके किती वाढतात ते बघतात, त्यातून दम हार्टमुळे, फुप्फुसामुळे की स्नायूंमुळे याचा अंदाज येतो. पण ताई जरा जास्त दमली की दुसऱ्या दिवसापासून अंथरूण धरते, त्याचीच भीती वाटतेय.

पुण्यात कोणी केलीय का ही टेस्ट? नंतर किती दिवस त्रास झाला? मध्येच थांबवली तर रिपोर्ट कामाचा राहतो का? तिला बीटा ब्लॉकर (हार्टचे ठोके कमी करणारं औषध) चालू आहे, तुम्हाला आधी बंद करायला सांगितला होता का? खर्च किती आला तेही सांगा प्लीज, अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे.