चिनी विद्यार्थ्यांना 'गेट' (get) हे इंग्रजी क्रियापद कसं शिकवावं? अर्थांची यादी देऊन की शेजारचे शब्द दाखवून?

मेलबर्नकर

माझ्या वर्गातले बहुतेक विद्यार्थी चीनमधून आलेले असतात. विद्यापीठात जाण्याआधी इंग्रजीचा पाया पक्का करायला ते वर्षभर इथे असतात. गाओकाओसाठी, म्हणजे त्यांच्या बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेसाठी, त्यांनी साधारण ३५०० शब्द पाठ केलेले असतात. १५० गुणांचा इंग्रजीचा पेपर त्यांनी दिलेला असतो. 'अबँडन', 'अ‍ॅक्वायर' हे शब्द त्यांच्या जिभेवर असतात. अडतं ते 'गेट'पाशी.

त्यांच्या वहीत 'गेट'समोर पहिला अर्थ असतो 'ददाओ', म्हणजे मिळणे किंवा मिळवणे. त्याखाली होणे, पोहोचणे, समजणे, आणणे, करायला लावणे अशी उतरंड. ही यादी तोंडपाठ असलेली मुलगी मला सांगते, 'आय वॉन्ट टू गेट अ डॉक्टर.' तिला डॉक्टर व्हायचंय. ऐकणाऱ्याला वाटतं घरी कोणीतरी आजारी आहे. तिचं पाठांतर चोख आहे, यादीत 'होणे' हा अर्थ आहेच. फक्त तो अर्थ विशेषणाआधीच येतो, नामाआधी येत नाही, हे यादीने तिला सांगितलेलं नाही.

माझं ठाम मत आहे की ही यादी वर्गातून काढून टाकावी. 'गेट'चा अर्थ 'गेट'मध्ये शोधू नका, त्याच्या पुढे काय आलंय ते बघा. पुढे वस्तू आली की मिळणं. विशेषण आलं (टायर्ड, कोल्ड, ओल्ड) की अवस्था बदलणं. 'टू' आणि ठिकाण आलं की पोहोचणं. माणूस, 'टू' आणि क्रियापद आलं की त्या माणसाला तयार करणं. वस्तू आणि भूतकालवाचक रूप (फिक्स्ड, कट) आलं की काम दुसऱ्याकडून करून घेणं. एवढं पक्कं झालं की मूल न पाहिलेलं वाक्यही लावू शकतं. यादीवाल्या मुलाला दर वेळी दहा अर्थ घालून बघावे लागतात.

शिकवणी

सहमत नाही. मी चीनमधल्या छंगतू शहरातल्या एका महाविद्यालयात शिकवलंय. वर्गात पन्नासच्या वर मुलं, आठवड्याला मोजके तास, आणि मुलं लहानपणापासून पाठांतरावर वाढलेली. हजारो चित्रलिपी-अक्षरं लिहून लिहून बसवलेल्या मुलाची स्मरणशक्ती हे त्याचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. ते बाजूला ठेवा म्हणणं म्हणजे पोहता येणाऱ्याला पाण्यात हात बांधून सोडणं.

आणि तुम्ही दिलेत ते पाच साचेही यादीच आहेत! तुमच्या यादीत 'विशेषण', 'भूतकालवाचक रूप' अशा संज्ञा आहेत एवढाच फरक. ज्या मुलाला 'टायर्ड' हे विशेषण की भूतकालवाचक रूप हेच कळत नाही, तो तुमच्या साच्यांचं काय करणार? 'गॉट टायर्ड' आणि 'गॉट फायर्ड' दिसायला सारखेच. त्याला 'दमणे' आणि 'नोकरीवरून काढलं जाणे' हे दोन अर्थ त्याच्या भाषेत द्या, तो पुढे जाईल.

मेलबर्नकर

शिकवणी सर, यादी दोन्हीकडे आहे हे खरं. पण तुमच्या यादीतून निवड कशी करायची हे मुलाला कोण सांगणार? माझ्या यादीत निवडीची खूण वाक्यातच असते. 'गेट अ डॉक्टर'मध्ये 'अ' दिसला की 'होणे' बाद, बाकी काही आठवावं लागत नाही. 'टायर्ड-फायर्ड'चा मुद्दा मात्र रास्त आहे. तिथे मी 'व्हेरी' लावून बघायला सांगते. 'व्हेरी टायर्ड' चालतं, 'व्हेरी फायर्ड' चालत नाही.

चाकणचा दुभाषी

मी चिनी अभियंते आणि इथले कामगार यांच्यामध्ये बोलतो, इंग्रजी तिसरी. तुम्हा दोघांच्याही मांडणीत एक मोठी गोष्ट राहून गेली आहे. त्या मुलांची स्वतःची भाषा! दोघेही चिनी भाषेला अर्थ लिहायची रिकामी जागा समजताय. तिच्यात 'गेट'ची अर्धी कामं करणाऱ्या वस्तू आधीच आहेत, फक्त त्या क्रियापदं नाहीत.

पहिली वस्तू 'ल'. वाक्याच्या शेवटी हा एवढासा ध्वनी लागला की परिस्थिती बदलली असं कळतं. 'थ्येन हेइ ल' म्हणजे अंधार पडला. शब्दशः आकाश-काळं-ल. इंग्रजीत हेच 'इट गॉट डार्क'. चिनी मूल मात्र 'इट वॉज डार्क' लिहितं, कारण त्याच्या डोक्यात 'काळं' हेच क्रियापदाचं काम करतंय आणि बदल दाखवणारा 'ल' उतरवायला त्याच्याकडे इंग्रजी शब्द नाही. त्याला सांगा, इथे तुझा 'ल' म्हणजे 'गेट'. त्याचा चेहरा बघा मग.

दुसरी 'बेइ'. कर्मणी प्रयोगाची खूण. परंपरेने ती वाईट घटनांना लागते: मार बसला, चोरी झाली, कोणी फसवलं. विसाव्या शतकात पाश्चात्त्य भाषांतून झालेल्या अनुवादांमुळे ती इतरत्रही पसरली, पण मूळ सावली अजून आहे. आता इंग्रजी बघा. 'गॉट रॉब्ड', 'गॉट कॉट', 'गॉट फायर्ड'. 'गेट'चा कर्मणी प्रयोगही बराचसा अंगावर आलेल्या गोष्टींसाठीच होतो ('गॉट प्रमोटेड' आहे, मान्य). इतका जवळचा मेळ असताना 'भूतकालवाचक रूप' ही संज्ञा कशाला आणायची?

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. 'गेट अप', 'गेट आउट', 'गेट ओव्हर' याला मुलं घाबरतात. २००४ साली लियाओ आणि फुकुया या दोघांनी चिनी विद्यार्थ्यांवरच अभ्यास केला होता. मध्यम पातळीवरची मुलं असली जोडक्रियापदं टाळून एकशब्दी क्रियापद घेतात, पुढे गेलेली मुलं तेवढी टाळत नाहीत, असं त्यात दिसलं. टाळण्याचं कारण परकेपणा म्हणावं तर चिनी भाषा अशा जोड्यांनी भरलेली आहे! 'जान छीलाय' म्हणजे उभं राहणं, त्यातलं 'छीलाय' म्हणजे वरच्या दिशेने येणं. 'थिंग दोंग' म्हणजे ऐकून समजणं. आधी कृती, मग तिची दिशा किंवा तिचं फळ. इंग्रजी 'अप' आणि 'आउट' हेच काम करतात. शिक्षक हे दाखवत नाहीत आणि मुलं 'राइज' लिहून मोकळी होतात.

रानवारा

दुभाषीदादा, प्रतिसाद फार आवडला. वैद्यकीय शिक्षणासाठी मी चीनमध्ये होते. तिथली मुलं आपसात चिनी बोलताना 'गेट-दाओ ल' म्हणायची, म्हणजे तुझं म्हणणं नेमकं पोहोचलं. इंग्रजी क्रियापद उचललं आणि त्याला आपलं 'दाओ' जोडलं. हीच ती कृती आणि फळाची जोडी ना?

चाकणचा दुभाषी

अगदी तीच. 'दाओ' म्हणजे पोहोचणं. आणि तोच 'दाओ' पुढे नडतो. चिनीत 'दाओ'नंतर गावाचं नाव थेट येतं, म्हणून 'गेट बीजिंग', 'अराइव्ह बीजिंग' अशी वाक्यं तयार होतात. एकदा 'टू' घालायला शिकवलं की मग 'गेट टू होम'. तिथे पुन्हा सांगावं लागतं की 'होम', 'हिअर', 'देअर' यांना 'टू' नको.

शिकवणी

दुभाषीसाहेब, 'ल'चा मोह आवरा. 'ल' क्रियापदालाही लागतो. जेवलो, गेलो, विकत घेतलं, सगळीकडे. 'ल म्हणजे गेट' हे एकदा मुलाच्या डोक्यात बसलं की 'आय गॉट ईट' यायला वेळ लागणार नाही. शिवाय तो मेला, 'ता स्स ल'. याचं 'ही गॉट डेड' करायचं का? मातृभाषेचा पूल धरला की उलट्या बाजूची गर्दीही त्याच पुलावरून येते. यादी निदान कोणतंही समीकरण शिकवत नाही.

चाकणचा दुभाषी

विशेषणानंतरचा 'ल', एवढीच अट घालायची. ती अट मूल स्वतःच्या भाषेत ओळखू शकतं, हाच तर माझा मुद्दा. 'डेड'सारखे अपवाद राहणारच, 'गो बॅड' आणि 'फॉल अस्लीप'सुद्धा सुटे शिकवावे लागतात. पण तुमच्या यादीत तेही नसतात.

आणखी एक. चिनीत बस असो वा मोटार, 'शांग छ' एकच. इंग्रजीत बसला 'गेट ऑन', मोटारीला 'गेट इन'. ज्यात उभं राहून चालता येतं ते 'ऑन', ज्यात वाकून थेट बसावं लागतं ते 'इन'. आपण बसमध्ये चढतो आणि रिक्षात बसतो, त्यामुळे मराठी माणसाला हा फरक लवकर पटतो. चिनी मुलाला तो त्याच्या भाषेत नाही हे आधी सांगावं लागतं. मातृभाषा माहीत असल्याशिवाय शिक्षकाला हे दिसणार कसं?

जुनी पाने

चर्चेत थोडा इतिहास घालतो. इंग्रज भाषातज्ज्ञ ऑग्डेन यांनी १९३० साली 'बेसिक इंग्लिश', म्हणजे मोजक्या शब्दांचं सोपं इंग्रजी, मांडलं. एकूण ८५० शब्द, त्यात क्रियापदं म्हणून काम करणारे फक्त १८, आणि त्यात 'गेट' होतं. त्यांचे सहकारी आय. ए. रिचर्ड्स १९२९-३० मध्ये बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात शिकवत होते. चिनी विद्यार्थ्यांसाठी हाच मार्ग योग्य असं त्यांना मनापासून वाटे आणि त्यासाठी ते पुन्हा चीनमध्ये गेले. १९३७ च्या जपानी आक्रमणाने त्या कामाची वाट लागली.

यातली मेख अशी की 'एंटर' गाळून 'गेट इनटू' घेतलं तर शब्द कमी होतात, अर्थ कमी होत नाहीत. ओझं यादीतून उचलून जोडीवर टाकलं जातं. ज्या भाषकाला 'गेट' लहानपणापासून येतं त्यालाच ते हलकं वाटतं. चिनी मुलाला 'एंटर' सोपं आहे, एक शब्द, एक अर्थ. त्यामुळे मुलं 'गेट' टाळतात तेव्हा मला ती आळशी वाटत नाहीत, त्यांचा हिशेब बरोबर असतो.

लेखनिक

जुनी पाने यांना अनुमोदन. निबंधात तर 'गेट' नकोच. चीनमधल्या शिकवण्यांमध्ये 'गेट'च्या जागी 'ऑब्टेन' किंवा 'अ‍ॅक्वायर' वापरायला सांगतात, वरच्या दर्जाचे शब्द म्हणून. गुण त्यांनाच मिळतात. परीक्षा देणाऱ्या मुलाला तुम्ही 'गेट'चे साचे का शिकवताय?

मेलबर्नकर

कारण ती मुलं परीक्षेनंतर इथे येऊन घर भाड्याने घेतात, न्हाव्याकडे जातात, आजारी पडतात. निबंधात 'ऑब्टेन' लिहा, माझी हरकत नाही. पण 'आय ऑब्टेन्ड अ कोल्ड' असं डॉक्टरसमोर म्हणणारा विद्यार्थी मी ऐकलाय, आणि तो अभ्यासात पुढे होता. शब्द बदलून देणाऱ्या शिक्षकाने कुठे बदलायचा नाही हे सांगितलं नव्हतं. बोलण्यातलं 'गेट' टाळलेल्या मुलाला समोरच्याचं 'गेट'ही ऐकू येत नाही. घरमालक 'आय विल गेट इट फिक्स्ड' म्हणतो, तेव्हा तो स्वतः दुरुस्त करणार नाही, कोणाला तरी पाठवणार आहे, हे भाडेकरूला कळायला हवं.

याच साच्यात मुलं सगळ्यात जास्त अडतात. केस कापून घेतले की सरळ 'आय कट माय हेअर' म्हणतात, कारण चिनीत तसंच म्हणतात. समोरचा विचारतो, स्वतः कापलेस?

रानवारा

आपणही 'मी केस कापले' म्हणतोच की, ताई. पण आपल्याकडे 'कापून घेतले' हाताशी आहे, म्हणून साचा पटकन लागतो. लग्नाच्या बाबतीत मात्र आपण आणि ते एकाच नावेत. 'तिच्याशी लग्न केलं' असं आपण म्हणतो, तेही 'च्याशी'च म्हणतात, आणि दोघांच्या इंग्रजीत 'मॅरीड विथ' येतं. 'गेट मॅरीड टू' मला कोणी शिकवलंच नव्हतं.

शिकवणी

घरमालकाचं उदाहरण पटलं. यादीचा आग्रह मी तरीही सोडत नाही, पन्नास मुलांच्या वर्गात पहिली ओळख तिनेच होणार. पण मेलबर्नकर, तुमचे साचे एकदम पाच देऊ नका. पहिल्या आठवड्यात कोणते देता?

मेलबर्नकर

दोनच. विशेषणाचा आणि करून घेण्याचा. 'मिळणे' त्यांना येतंच, त्यावर वेळ घालवत नाही. विशेषणाच्या साच्याला पुढच्या वर्गापासून दुभाषींचा 'ल' जोडून बघणार आहे, 'फक्त विशेषणानंतर' या अटीसह. कर्मणी प्रयोग आणि 'बेइ' दुसऱ्या महिन्यात. 'ऑन' आणि 'इन' बसथांब्यावर नेऊन शिकवते, फळ्यावर नाही.